इद्रिया : पाचशे वर्षे पाऱ्यावर जगलेले गाव खाण बंद झाल्यावर कसे टिकले?

ऋतुगंध

स्लोव्हेनियाच्या पश्चिम भागात, राजधानी लुब्लियानापासून रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरवर, इद्रीत्सा नदीच्या अरुंद खोऱ्यात इद्रिया नावाचे गाव वसलेले आहे. लोकवस्ती सहा हजारांच्या आसपास. चारही बाजूंनी डोंगर असे अंगावर येतात की शेतीसाठी सपाट जमीन जवळपास नाहीच, आणि रेल्वे तर आजतागायत या गावात पोहोचलेली नाही. अशा जागी माणसे राहायला आली याचे कारण एकच : १४९० च्या सुमारास इथे पारा सापडला. लाकडी बादल्या बनवणाऱ्या एका कारागिराने नवी बादली झऱ्यात भिजत ठेवली आणि ती उचलताना तळाशी जड, चकाकणारा द्रव दिसला, अशी आख्यायिका गावात सांगतात. २२ जून १५०८ रोजी हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या लाल धातुपाषाणाचा, अतिशय समृद्ध साठा लागला, आणि तो दिवस आजही नगरपालिका आपला सण म्हणून पाळते.

स्पेनमधल्या अल्मादेनच्या खालोखाल ही जगातली दुसऱ्या क्रमांकाची पाऱ्याची खाण ठरली. मानवाने आजवर काढलेल्या पाऱ्यापैकी सुमारे १३ टक्के पारा या एका गावातून निघाला. १९९५ मध्ये उत्पादन कायमचे थांबले. एकाच खनिजावर उभी राहिलेली गावे खाण संपल्यावर ओस पडतात, हा जगभरचा अनुभव आहे. इद्रिया मात्र ओस पडले नाही, उलट तिथे आज निर्यात करणारे मोठे कारखाने आहेत. माझे मत असे की याचे मुख्य कारण खाण एका फटक्यात बंद न होता हळूहळू बंद झाली, हे आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

दगडधोंडे

विषय आवडला. आधी जमिनीखाली काय आहे ते सांगतो, कारण गावाचा आकार त्यावरूनच ठरला आहे. हा साठा ट्रायासिक काळातला, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुना. पारा इथे दोन रूपांत मिळत असे : लाल हिंगुळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग, आणि काळ्या शेल खडकात थेंबाथेंबाने साठलेला मोकळा पारा. असा मोकळा पारा मोठ्या प्रमाणावर मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि झऱ्यात पारा दिसल्याची आख्यायिका भूशास्त्राच्या दृष्टीने मुळीच अशक्य नाही.

खाण गावाच्या शेजारी नसून थेट गावाखाली आहे. पंधरा मजले, ३८२ मीटर खोली आणि एकूण ७०० किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे. त्यामुळे खाण बंद करणे म्हणजे फाटकाला कुलूप लावणे एवढेच नव्हते. वरची घरे खचू नयेत म्हणून पोकळ्या सिमेंटयुक्त मिश्रणाने भरून काढाव्या लागल्या आणि खालचे मजले नियंत्रित पद्धतीने पाण्याखाली जाऊ दिले. हे काम अनेक वर्षे चालले. ऋतुगंध यांच्या मुद्द्याला यातून थोडा आधार मिळतो, कारण उत्पादन थांबल्यावरही खाणीत अनेकांना काम होते.

मीरा१९

जगाला एवढा पारा कशासाठी लागत होता, हे कुणी सांगेल का? तापमापक आणि आरशांसाठी इतका नक्कीच लागला नसेल.

जुनी_बखर

मीराताई, मुख्यतः चांदीसाठी. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मेक्सिकोत आणि पुढे पेरूमध्ये स्पॅनिश लोकांनी चांदीचा धातुपाषाण दळून त्यात पारा मिसळण्याची पद्धत सुरू केली. पारा चांदीला धरून ठेवतो, मग मिश्रण तापवून पारा उडवला की चांदी उरते. पारा नसता तर अमेरिकेतल्या कमी प्रतीच्या धातुपाषाणातून चांदी काढणे परवडले नसते, आणि त्या चांदीवर तेव्हाचा जागतिक व्यापार चालत होता. स्पेनची गरज अल्मादेन आणि पेरूमधली वांकावेलिका या दोन खाणी मिळून भागवत. तो पुरवठा अपुरा पडे तेव्हा इद्रियाचा पारा मागवला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनने त्यासाठी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग दरबाराशी, म्हणजे इद्रियाच्या तेव्हाच्या राज्यकर्त्यांशी, रीतसर करार केला होता.

म्हणूनच या गावाला आडवळणाचे खेडे समजणे मला पटत नाही. पहिल्या काही दशकांत इथे व्हेनिस आणि जर्मनीतल्या व्यापाऱ्यांचा पैसा खेळत होता. आउग्सबुर्गच्या आम्ब्रोसिउस होख्श्टेटर या सावकाराने पाऱ्याचा सगळा बाजार आपल्या मुठीत घेण्याचा प्रयत्न केला आणि १५२९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. १५७५ मध्ये खाण राज्यकर्त्यांनी ताब्यात घेतली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात विक्रीचे काम आम्स्टरडॅमच्या डॉइट्स घराण्याकडे गेले आणि पुढे सम्राटाने हाच पारा तारण ठेवून तिथे कर्जे उभारली. आपल्याकडचा संबंधही सांगण्यासारखा आहे : सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापारी सुरतेला जो माल उतरवत, त्यात पोवळी आणि लोकरी कापड यांच्या जोडीने पारा आणि हिंगुळ असे.

त्रिएस्ते_ते_ठाणे

मी संशोधनासाठी इटलीतल्या त्रिएस्तेच्या भौतिकशास्त्र केंद्रात असताना तिथून इद्रियाला गेलो होतो. घाटातून खाली उतरताना गाव अगदी शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. मग एकदम दिसतो तो टेकाडावरचा गेवेर्केनेग किल्ला, १५३३ च्या सुमारास पूर्ण झालेला. हा किल्ला लढण्यासाठी नव्हता. खाणीचा कारभार आणि पाऱ्याचे कोठार तिथे होते. आज त्यात नगर संग्रहालय आहे आणि ते इतके नेटके मांडलेले आहे की औद्योगिक वारशाच्या संग्रहालयांसाठीचा युरोपातला मिकेलेत्ती पुरस्कार त्याला १९९७ मध्ये मिळाला.

चौकात खाणीचे जुने धान्यकोठार उभे आहे. खोऱ्यात धान्य पिकत नसल्यामुळे खाणप्रशासन बाहेरून धान्य आणून कामगारांना वाटत असे. त्याच्या शेजारी १७६९ चे नाट्यगृह आहे. दगडी बांधणीची नाट्यगृहाची ही स्लोव्हेनियातली सर्वांत जुनी इमारत मानली जाते. कोठार आणि नाट्यगृह असे खांद्याला खांदा लावून उभे पाहिले तेव्हा या गावाचा स्वभाव मला जरा कळला. वरच्या उतारावर खाणकामगारांची घरे आहेत : उंच, पांढरी, छोट्या छोट्या खिडक्यांची आणि तीव्र उताराच्या छपरांची. एका घरात अनेक कुटुंबे राहत.

१५०० मध्ये खोदलेला अंतोनी बोगदा पर्यटकांसाठी खुला आहे. आत भिंतीवर पाऱ्याचे बारीक थेंब खरोखर दिसतात. खाणीतल्या बुटक्या भुताची, पेर्कमांडलची, गोष्ट मार्गदर्शक मोठ्या प्रेमाने सांगतात. भिंतीमागून त्याची ठकठक ऐकू आली की तिथे धातुपाषाण असतो किंवा दरड कोसळणार असते, अशी समजूत होती.

हरीतकी

या धाग्यात खाणीचे वैभव फार आले, आता खाणीत काम करणाऱ्यांच्या शरीराचे बोलू. पाऱ्याची वाफ श्वासावाटे आत जाते आणि मज्जासंस्थेवर परिणाम करते. हातपाय थरथरतात, लाळ सुटते, हिरड्या सुजून दात पडतात, स्वभाव चिडचिडा आणि भित्रा होतो. त्या काळचा प्रसिद्ध वैद्य पारासेल्सस १५२७ मध्ये इद्रियाला आला होता आणि इथल्या कामगारांची दुर्दशा त्याने नोंदवून ठेवली. मोकळा पारा जिथे खडकातून झिरपत असे तिथले काम सर्वांत घातक, आणि भट्टीवरचे त्याहून कमी घातक नव्हते.

खाणीचा पहिला नियमित वैद्य यायला मात्र १७५४ साल उजाडले. तो जोव्हान्नी आन्तोनियो स्कोपोली. त्याने १७६१ मध्ये इद्रियाच्या पाऱ्यावर आणि खाणकामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यवसायजन्य रोगांच्या इतिहासात त्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. हाच माणूस आसपासच्या डोंगरांत फिरून वनस्पती आणि कीटक गोळा करत होता आणि वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाशी पत्रव्यवहार करत होता. आजही मळमळीवर आणि प्रवासात लागणाऱ्या गाडीवर जे स्कोपोलामाइन देतात, त्याचे नाव स्कोपोलिया या वनस्पतीवरून आणि म्हणून या वैद्यावरून आले. १७६९ पर्यंत तो इथे राहिला.

पहिला खाणवैद्य येण्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे लोक पाऱ्यात काम करत होते, हे विसरून या गावाच्या यशाची कथा सांगता येणार नाही, असे मला तीव्रपणे वाटते.

ऋतुगंध

हरीताताई, आपला प्रतिसाद आवश्यकच होता. तरीही अल्मादेनशी तुलना केल्यावर एक फरक दिसतो. तिथे १८०० पर्यंत सक्तमजुरीचे कैदी आणि गुलाम खाणीत उतरवले जात. इद्रियात पगारी आणि पिढीजात कामगार होते; त्यांना स्वस्त धान्य, औषधपाणी आणि आजारपणासाठीचा सामायिक निधी मिळत असे. त्रास होताच, पण कामगार टिकून राहणे ही खाणीची गरज होती आणि त्यातून गाव घडले.

हरीतकी

मान्य. पण स्वस्त धान्य मिळत होते याचा दुसरा अर्थ असा की पगार इतका कमी होता की त्यावाचून कुटुंब जगले नसते.

वनराई

पाऱ्याच्या भट्ट्यांना सरपण आणि बोगद्यांना टेकू म्हणून अतोनात लाकूड लागे. रस्ते नव्हते, म्हणून लाकूड नदीतून वाहून आणत. वरच्या दऱ्यांत पाणी अडवणारे बांध घालायचे, मागे तलाव साठला की खालच्या कोरड्या पात्रात ओंडके रचायचे आणि एकदम दरवाजे उघडायचे. लोंढा हजारो घनमीटर लाकूड घेऊन गावाकडे धावे आणि गावाजवळ नदीत घातलेले लाकडी कुंपण ते अडवून धरी. सुरुवातीला हे बांध लाकडीच होते. १७६७ नंतरच्या काही वर्षांत योझेफ म्राक या खाण-मोजणीदाराच्या आराखड्यानुसार ते दगडी झाले. या बांधांना क्लाव्झे म्हणतात. इद्रीत्सा आणि बेल्त्सा या नद्यांवरचे बांध आजही धडधाकट उभे आहेत आणि विसाव्या शतकात बऱ्याच वर्षांपर्यंत त्यांतून लाकूड सोडले जात होते.

याच प्रकारच्या कौशल्याचे दुसरे उदाहरण म्हणजे काम्श्त. १३.६ मीटर व्यासाचे हे लाकडी पाणचक्र १७९० मध्ये बसवले आणि ते १९४८ पर्यंत खाणीतले पाणी उपसत होते. त्याला पाणी पुरवणारा साडेतीन किलोमीटरचा पाट आता फिरायला जाण्याची सुंदर वाट झाला आहे. त्या वाटेच्या टोकाशी दिव्ये येझेरो हा कार्स्ट, म्हणजे पाण्याने झिजलेल्या चुनखडीच्या, प्रदेशातला झरा लागतो. पाणबुडे त्यात १६० मीटरच्या खाली जाऊन आले आहेत. त्यातून निघणारी येझेर्नित्सा नदी फक्त ५५ मीटर वाहते आणि इद्रीत्सेला मिळते.

माझा मुद्दा असा की लाकडासाठी जंगलाची शिस्त लावावी लागली, नकाशे काढावे लागले आणि ही मंडळी त्यात तरबेज झाली. ऋतुगंध, खाण हळूहळू बंद झाली म्हणून गाव टिकले, हे मला अपुरे वाटते. गाव आधीपासून अभियांत्रिकीचे होते.

सुईदोरा

धागा पाऱ्याचा असला तरी लेसवाचून इद्रिया पूर्ण होत नाही. इथली बॉबिन-लेस लिखित नोंदींत १६९६ पासून सापडते. उशीवर नक्षीचा कागद ठेवायचा आणि लाकडी बॉबिनांच्या जोड्या एकमेकींवरून फिरवत धागा विणायचा. हे काम खाणकामगारांच्या घरातल्या बायकांचे होते, आणि वर हरीतकी यांनी सांगितलेल्या अपुऱ्या पगाराचे उत्तर बहुतांशी तेच होते. नवऱ्याचे हात थरथरू लागले की घर लेसवर चाले. व्यापारी माल गोळा करून दूरच्या शहरांत विकत आणि विणणारीच्या हाती थोडेच पडे, हेही खरे.

१८७६ मध्ये इद्रियात लेसची शाळा सुरू झाली. इव्हांका फेर्यांचिच या पहिल्या शिक्षिका. साम्राज्ये बदलली, दोन महायुद्धे झाली, तरी ती शाळा आजही चालू आहे आणि मुलींबरोबर मुलगेही तिथे शिकायला येतात, हे मला विशेष वाटते. स्लोव्हेनियातल्या बॉबिन-लेसला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. गावाच्या अर्थकारणाचा विचार करताना फक्त पुरुषांच्या रोजगाराची मोजणी करणे मला चुकीचे वाटते.

सीमावासी

मधली पंचवीस वर्षे कुणीच आणली नाहीत, म्हणून लिहितो. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळले आणि १२ नोव्हेंबर १९२० च्या रापालो करारानुसार इद्रिया इटलीत गेले. नवी सरहद्द गावापासून अगदी जवळून गेली. शेजारचे झिरी हे गाव युगोस्लाव्हियात राहिले. १९०१ मध्ये इद्रियाने स्लोव्हेन माध्यमाची पहिली रेआल्का, म्हणजे विज्ञान आणि तांत्रिक विषयांवर भर देणारी माध्यमिक शाळा, स्वतः पुढाकार घेऊन काढली होती. इटालियन राजवटीत ती टिकू दिली गेली नाही. शाळांतून आणि कचेऱ्यांतून स्लोव्हेन भाषा हटवली गेली आणि पुष्कळ शिक्षित कुटुंबे सरहद्द ओलांडून निघून गेली.

इटलीकडे तस्कनीतली मोन्ते आमियाताची खाण आधीच होती. इद्रिया हाती आल्यावर जगाचा बहुतेक पारा इटली आणि स्पेन या दोन देशांच्या ताब्यात आला, आणि १९२८ मध्ये त्यांनी मिळून भाव ठरवणारी युती केली. १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मन आले. त्या काळात भोवतालच्या डोंगरांत स्लोव्हेन पार्टिझानांचे, म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचे, गुप्त छापखाने आणि इस्पितळे चालत होती. त्यांतले फ्रान्या इस्पितळ जवळच्याच त्सेर्क्नोच्या परिसरातल्या एका घळीत होते. १९४७ च्या पॅरिस तहाने गाव युगोस्लाव्हियाकडे आले. ज्या शाळेने तंत्रज्ञ घडवले ती मोडल्यावरही हे गाव पुन्हा उभे राहिले, याचे मला फार कौतुक आहे.

चक्रपाणी

मी पुण्याजवळच्या वाहन-उद्योगात विजेच्या मोटारींवर काम केले आहे, त्यामुळे इद्रियाचे नाव मी पाऱ्याआधी कम्युटेटरमुळे ऐकले. मोटारीच्या फिरत्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचे एक छोटे नळकांडे असते. कार्बनचे ब्रश त्यावर घासत वीज आत पोहोचवतात. हे कम्युटेटर. दिसायला साधे, पण तांबे आणि प्लास्टिक यांचा जोड हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरताना तसूभर हलता कामा नये, म्हणून करायला कठीण. इद्रियाचा कोलेक्टोर हा कारखाना १९६३ मध्ये निघाला आणि या एका वस्तूत जगातल्या अग्रगण्य उत्पादकांत जाऊन बसला. शेजारच्या स्पोद्न्या इद्रियात हिद्रिया हा दुसरा मोठा उद्योग आहे. मोटारींचे पत्र्याचे गाभे आणि वाहनांचे भाग तिथे बनतात.

रेल्वे नाही आणि रस्ता घाटाचा, म्हणजे जड माल परवडणार नाही. लहान, हलकी आणि अचूकपणामुळे महाग अशीच वस्तू या खोऱ्यातून बाहेर पाठवणे फायद्याचे होते. भूगोलाने घातलेली ही अट त्यांनी बरोबर ओळखली. मात्र नव्या विद्युत वाहनांच्या मुख्य मोटारींत ब्रश आणि कम्युटेटर नसतात, म्हणून या उद्योगाला चुंबके, सेन्सर आणि इतर उत्पादनांकडे वळावेच लागले आहे.

नदीकाठ

सगळे कौतुक योग्य आहे, पण हिशेब पूर्ण व्हावा. पाचशे वर्षांत विक्रीयोग्य पारा निघाला १ लाख टनांहून अधिक. त्याखेरीज सुमारे ३७ हजार टन पारा भट्ट्यांच्या धुरातून, चोथ्यातून आणि गळतीतून निसर्गात गेला असा अंदाज आहे. भाजलेल्या धातुपाषाणाचा चोथा दशकानुदशके नदीकाठी टाकला जाई आणि पूर आला की वाहून जाई. १८०३ मध्ये खाणीत मोठी आग लागली. ती विझवण्यासाठी खाणीत पाणी सोडले आणि नंतर उपसलेल्या पाण्याबरोबर पारा नदीत गेला. इद्रीत्सा सोचा नदीला मिळते आणि सोचा त्रिएस्तेच्या आखातात. त्या आखाताच्या तळगाळात आजही पारा आहे आणि त्याचा काही भाग सूक्ष्मजीवांमुळे मिथिल-पारा हे अधिक विषारी संयुग होऊन माशांत उतरतो. लुब्लियानाची योझेफ श्तेफान संस्था यावर दीर्घकाळ संशोधन करत आहे.

खाण बंद झाली, पण पूर येत राहणार आणि काठावरचा गाळ वाहत राहणार. कोडाईकनालला तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला आणि तिथल्या मातीच्या सफाईचा वाद पुढे किती वर्षे चालला, हे आपण पाहिले आहे. इद्रिया तर त्याच्या कितीतरी पट मोठे प्रकरण आहे.

मीरा१९

सर्वांचे आभार, फार शिकायला मिळाले. जूनमध्ये युरोपात असेन. इद्रियात काय चुकवू नये?

त्रिएस्ते_ते_ठाणे

जूनमध्ये लेसचा उत्सव असतो, तेव्हा चौकात लेस विणणाऱ्या बायका आणि मुले रांगेने बसतात. झ्लिकरोफी जरूर खा : बटाटा, डुकराची चरबी किंवा बेकन, कांदा आणि हिरव्या पातीचे सारण भरलेले, टोपीच्या आकाराचे छोटे उकडलेले तुकडे. २०१० मध्ये युरोपीय संघाने त्यांच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिले. मटणाच्या रश्शाऐवजी लोणी आणि पावाचा चुरा घालूनही मागता येतात, पण शाकाहारी असाल तर सारणाबद्दल आधी विचारा. क्लाव्झे पाहायला मात्र अख्खा दिवस ठेवा.

जुनी_बखर

मूळ प्रश्नाकडे येतो. ऋतुगंध यांनी अल्मादेनचा उल्लेख केला, तर तुलना पुरी करू. २०१२ मध्ये युनेस्कोने अल्मादेन आणि इद्रिया यांना एकत्रच जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दोन्ही ठिकाणी पारा, दोन्ही खाणी सरकारी, दोन्ही ठिकाणी उत्तम संग्रहालये. अल्मादेनची खाण तर इद्रियानंतर काही वर्षांनी थांबली. तरीही अल्मादेनची लोकसंख्या १९६० च्या आसपास होती त्याच्या निम्म्याहून खाली गेली आहे. म्हणजे वारसा आणि पर्यटन यांनी गाव पोसले जात नाही आणि खाण उशिरा थांबल्यानेही वाचत नाही. ऋतुगंध, तुमचा ‘हळूहळू’चा मुद्दा इथे कमी पडतो.

चक्रपाणी

अगदी बरोबर, आणि याला सनावळीचाही आधार आहे. १९७० च्या दशकात पाऱ्याच्या विषारीपणाची जाणीव जगभर वाढली, मागणी घटली, भाव कोसळले आणि १९७७ मध्ये इद्रियाची खाण प्रथम थांबली. १९८३ मध्ये ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. कोलेक्टोर त्या पहिल्या थांब्याच्या चौदा वर्षे आधी निघाला होता. खाण चांगली चालू असतानाच दुसऱ्या धंद्याची घडी बसली होती, म्हणून खाणीबाहेर पडणाऱ्या फिटरला आणि त्याच्या मुलांना जायला जागा होती.

दगडधोंडे

आणि त्या जागेवर काम करण्यासाठी लागणारे शिक्षण गावात होते. १७२८ मध्ये इथे खाणमोजणी आणि नकाशे शिकवणारी शाळा निघाली, १७६३ पासून स्कोपोली धातुरसायन शिकवत होता, १९०१ मध्ये रेआल्का आली. कारखाना कुठेही काढता येतो. पण १९६३ मध्ये सहा हजार वस्तीच्या, रेल्वे नसलेल्या खोऱ्यात तो काढावा असे कुणाला वाटले, यामागे ही शाळांची मालिका आहे. वनराई यांनी हेच वेगळ्या शब्दांत आधी मांडले होते.

ऋतुगंध

अल्मादेनच्या तुलनेनंतर माझा मुद्दा मी असा मांडेन : खाण हळूहळू बंद होणे उपयोगी पडले ते आधीपासून चालू असलेल्या कारखान्यांमुळे आणि शाळांमुळे. आता नदीकाठ यांना एक विनंती आहे. इद्रीत्सेच्या काठावरचा गाळ स्थिर करण्यासाठी काय उपाय होत आहेत, यावर आपण स्वतंत्र धागा काढावा. या चर्चेतला तो भाग अजून बराच शिल्लक आहे.

नदीकाठ

काढतो. त्रिएस्तेच्या आखातातल्या आणि त्याच्या इटालियन किनाऱ्यावरच्या ग्रादोच्या खाजणातल्या मासेमारीचाही त्यात समावेश करेन.